मी माशाला बोललो

माझ्या टाकीतल्या मांगुराला हसताय ना? हसा. पण त्या मिशाळ माशाचे माझ्यावर जेवढे उपकार आहेत, तेवढे कुणाचे नाहीत.

जयगडची नोकरी सोडून मी शोभेच्या माशांचं दुकान टाकलं, तेव्हापासून बाबांनी माझ्याशी अबोला धरलेला. मी समोर उभा असलो तरी सुनेला म्हणायचे, "त्याला सांग." त्यात एका गिऱ्हाइकाने हा आफ्रिकन मांगूर परत आणून दिला. टाकीतले बाकीचे सगळे मासे खाऊन हातभर वाढला होता. त्याला कोण घेणार? आणला घरी. बाबांनी नुसती मान फिरवली.

एका दुपारी मी पाणी बदललं आणि झाकण ठेवायला विसरलो. मांगूर उडी मारून बाहेर आला आणि फरशीवरून वळवळत थेट बाबांच्या खुर्चीखाली! बाबा पाय वर घेऊन ओरडले, "मेल्या, झाकण कोण ठेवणार? तुझा बापूस?"

मासा टॉवेलात धरून मी तसाच उभा. आमची ही म्हणाली, "बाबा, बोललात की ह्यांच्याशी!"

"ह्याच्याशी कोण बोलतंय? मी माशाला बोललो."

तेव्हापासून मी दुकानातून घरी आलो की बाबा टाकीसमोर खुर्ची ओढतात आणि काचेकडे बघत विचारतात, "काय रे, दुपारी जेवलास ना?"

मी चपला काढता काढता सांगतो, "जेवलो, बाबा."