आग्वा म्हणजे पाणी

सांगली स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या पद्माताईंचे कान मागच्या बाकाकडं लागले होते. एक आजी नातीकडून स्पॅनिश शिकत होत्या.

"'आग्वा' म्हणजे पाणी. म्हण, 'किएरो आग्वा', मला पाणी पाहिजे."

"किएरो आग्वा. चंदे, इराला कळंल न्हवं? तुझ्या काकाची पोर, स्पेनात जन्मली. तीन वर्षांची झाली, पर माझ्याशी एक शब्द बोलली न्हाई."

"कळंल गं. हा लावला व्हिडिओ कॉल."

"इराबाळ! किएरो आग्वा!"

"आज्जी, पळाली की ती!"

"भ्याली व्हय?"

"न्हाई, न्हाई! पेला भरून आणलाय! तुझ्या तोंडाला लावतीय बघ!"

"अगं माझ्या सोन्या! पर चंदे, आज माझा निर्जळी उपास हाय!"

पद्माताई गर्रकन वळल्या. "अहो, फोनवर कसला मोडतोय उपास? तोंड उघडा आधी!"