एक इंच मार्जिन

टेपचा पहिला इंच झिजून कोरा झाला होता, म्हणून म्हातारा शिंपी एकच्या रेघेपासून मोजायचा आणि शेवटी एक वजा करायचा. शोरूममध्ये स्कूटरच्या कागदांसाठी थांबलेल्या विज्ञानाच्या बाईंना ते फार पटलं. आत झोपायची-रांधायची सोय असलेली एक गाडी शिंपी बायकोला घेऊन पाहत होता.

"बहात्तर, वजा एक, एकाहत्तर. मी सत्तर. पलंगाला एकच इंच मार्जिन!"

"अहो, गाडी आहे ती, पँट नव्हे. उसवून लांब होणार नाही."

"मागच्या वेळी पाहिलेल्या गाडीत ओटा बुटका होता."

"त्याआधीच्या गाडीत आरसा वाकडा होता. तीन वर्षं नुसती मापं घेताय. आता शिवा काहीतरी!"

"पहिल्यांदाच घेतोय. घाई कशाला?"

"माझ्या गुडघ्यांना विचारा."

"संडास पाहिलास? आत शिरलं की वळता येत नाही."

"मग पाठमोरे शिरा."

बाईंनी हसू लपवायला माहितीपत्रक तोंडासमोर धरलं.

"आणि दुकान? गिऱ्हाईकं काय करतील?"

"दुसरा शिंपी शोधतील. मी या वयात दुसरा नवरा कुठे शोधू? लग्नात म्हणाला होतात, समुद्र दाखवतो."

शिंप्याने टेप गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"लोकांचे कपडे पडलेत गं."

"किती?"

"अकरा."

"मग?"

"अकरा शिवून देतो. बारावा घेत नाही. दुकान बंद करतोय."