सुपाखालचा ट्रे

जबाब देणार: मयताची भावजय. वय पंचेचाळीस. धंदा: दवाखान्याच्या कँटीनमध्ये ट्रे-भांडी धुणे व फरशी पुसणे. राहणार: दवाखान्यामागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावरची खोली.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मयत ही माझी थोरली नणंद. मी त्यांना वन्सं म्हणते. कँटीनमध्ये सगळे आत्या म्हणत. मालक त्यांचे लवकर गेले, मूलबाळ नाही. आमच्या घरातच राहायच्या. खरं सांगायचं तर आम्हीच त्यांच्या घरात राहतो, खोली त्यांच्या नावावर आहे. मला कँटीनमध्ये त्यांनीच लावलं.

वॉर्डात जेवण पाठवायचं काम वन्संकडे होतं. स्वभावाने कडक. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असं मी त्यांच्या पाठीमागे म्हणायची. ती म्हण आता तोंडात येत नाही.

पूर्वी कँटीनमध्ये स्टीलचे ट्रे होते. स्टीलचा ट्रे पडला तरी फुटत नाही, घासला की लख्ख होतो, पण गारठतो फार. वरच्या मजल्यावर जाईपर्यंत सूप कोमट व्हायचं. म्हणून वन्सं वाढण्याआधी ट्रे अन्न गरम ठेवायच्या वाफेच्या पेटीच्या जाळीवर तापत ठेवायच्या आणि फडक्याने धरून उचलायच्या. ही रीत त्यांनीच पाडली, पुढे आम्ही सगळेच तसं करू लागलो. "आजाऱ्याला गार अन्न देणं म्हणजे त्याची आशा सोडणं," असं त्या म्हणायच्या.

स्टीलचा आवाज होतो म्हणून डॉक्टरांनी तक्रार केली. त्यावर मॅनेजरने एका दुपारी नमुन्याचे ट्रे आणून टेबलावर मांडले आणि आम्हाला बोलावलं. एक लाकडी होता. दिसायला देखणा, पण लाकूड पाणी पितं, कडेची पॉलिश सुटते आणि तिथे घाण बसते. तो नको असं मी सांगितलं, कारण धुवायचा मला होता. एक मेलामाइनचा, बशीसारखा गुळगुळीत. दाखवायला आणतानाच त्याचा कोपरा उडाला होता. फायबरचा मला पसंत पडला. जाड, वरून खरखरीत, भांडं घसरत नव्हतं. पण तो मागवावा लागणार होता आणि मॅनेजरला आठवड्याच्या आत डॉक्टरांची तोंडं बंद करायची होती. उरला प्लास्टिकचा. निळा, हलका, आपटला तरी आवाज नाही.

वन्संनी तो हातात घेऊन वाकवून पाहिला आणि मॅनेजरला विचारलं, "गरम सोसतो का हा?"

मॅनेजर म्हणाला, "सगळं सोसतो, आत्या. तुमच्यापेक्षा चिवट आहे."

सगळे हसले. वन्संसुद्धा हसल्या. मीही हसले. हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

घटनेच्या दिवशी दुपारच्या जेवणाची वेळ होती. नवे ट्रे त्या दिवशीच काढले होते. वन्संनी नेहमीप्रमाणे ते जाळीवर ठेवले. मी शेजारी मोरीपाशी होते. त्यांनी एका ट्रेवर सुपाचं पातेलं ठेवलं, बाजूला वाट्या रचल्या आणि दोन्ही हातांनी उचलून वळल्या. ट्रे मध्येच ओल्या पुठ्ठ्यासारखा खचला. पातेलं त्यांच्या अंगावर आलं. छातीवर, पोटावर, खाली मांडीपर्यंत. सूप उकळतं होतं. त्या ओरडल्या नाहीत. उभ्याच राहिल्या, आणि ट्रे तेवढा हातात तसाच धरलेला. मी तो त्यांच्या बोटांतून सोडवून घेतला आणि त्यांच्यावर पाणी ओतलं. त्यानंतरच त्या खाली बसल्या.

त्यांना वरच, त्याच दवाखान्यात नेलं. ज्या वॉर्डात त्या जेवण पाठवायच्या त्याच वॉर्डात ठेवलं. शुद्धीवर होत्या. मला म्हणाल्या, "इतकी वर्षं वाढलं, पण ट्रे कधी पडू दिला नाही गं मी." मी म्हटलं, "याही वेळी पडला नाही, वन्सं. हातातच होता." त्यावर त्यांनी डोळे मिटले. परवा सकाळी वारल्या.

काल मॅनेजर घरी आला होता. प्रेत कालच ताब्यात मिळालं, म्हणून माझे यजमान तिरडीचं सामान आणायला गेले होते, तेव्हा आला. म्हणाला, "वहिनी, आत्यांचं वय झालं होतं, पाय घसरला, एवढंच सांगा. फरशी ओली होती का, असं विचारतील. फरशी तुमच्याकडे असते. उगीच तुम्ही अडकाल." नोकरीचं तो काही बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. मी त्याला पाणी दिलं.

आता सांगते की फरशी कोरडी होती. जेवण वर गेल्याशिवाय मी फरशीला पाणी लावत नाही, हे कँटीनमधल्या कुणालाही विचारा. वन्संचा पाय घसरलेला नाही.

जबाब घेणारे साहेब म्हणाले की प्लास्टिकचा ट्रे वाफेवर ठेवला ही मयताचीच चूक दिसते. ठेवला, हे खरं आहे. त्या दिवशी माझ्या हाताशी असता तर मीही ठेवला असता. पण त्यांनी आधी विचारलं होतं. विचारल्यावर ज्याने हसून वेळ मारून नेली त्याचं नाव कुठेच नाही, आणि मेलेल्या बाईच्या पायाचं नाव येतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल तर द्या, पण माझ्या जबाबात ते लिहू नका.

घटनेच्याच संध्याकाळी मॅनेजरने सगळे निळे ट्रे गोळा करून नेले. ज्यावरून सूप सांडलं तो त्याला मिळाला नाही, कारण तो मी मोरीखाली सरकवून ठेवला होता आणि जाताना पदराखाली घरी नेला. आज चादरीत गुंडाळून आणला आहे. मधोमध खचलेला आहे, आणि खालच्या बाजूला पेटीच्या जाळीचे वळ उठलेले आहेत. दोन्ही कडांना वन्संच्या अंगठ्यांचे खळगे पडलेले आहेत. ट्रे मऊ झाला होता म्हणून पडले.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. पहिल्या लिखाणात "पाय घसरून" असे शब्द होते, ते माझ्यासमोर खोडले. बाकी मी बोलले तसंच उतरलं आहे. सही येत नाही, अंगठा देते. ट्रे जमा करते आहे. तो धुतलेला नाही. धुणं माझं काम आहे, तरी धुतलेला नाही. तुम्हीही धुऊ नका.