झाकणावरचा काटा

— लिहा, लिहा! वर लिहा, 'मार्लिसबाईंचं म्हणणं', आणि खाली एक लांब रेघ मारा. लोकांचं ऐकायला आलात ना? मग मोजा लोक. चाळीस खुर्च्या मांडायला सांगितल्या तुमच्या युनिव्हर्सिटीनं, मांडल्या. आलं कोण? मी! आणि मी तरी कुठं आलेय, मी इथं नोकरीलाच आहे, अठ्ठावीस वर्षं. घ्या, केक घ्या. चाळीस जणांचा आहे.

काय म्हणालात? युनिव्हर्सिटीनं आम्हाला काय दिलं? दिलं की! माझ्या आईच्या वेळी तुमची युनिव्हर्सिटी म्हणजे चार इमारती आणि एक गोठा. पण तिथली मिस टिटजेन चिखलातून गाडी काढत आमच्या स्वयंपाकघरात यायची — फरसबी बरणीत कशी भरायची, मोठ्या कुकरमध्ये किती दाबावर किती वेळ ठेवायची, म्हणजे हिवाळाभर टिकते आणि खाणारा मरत नाही, हे शिकवायची. त्यासाठीच काढली होती ना तुमची युनिव्हर्सिटी, राज्याच्या पैशानं, शेतकऱ्यांच्या पोरांसाठी? आणि आता? स्टेडियमला आणखी नऊ हजार खुर्च्या — त्या भरतात बरं का! काचेची इमारत, आत झरा. घरातल्या घरात झरा! आणि आमचं हे विस्तार केंद्र, युनिव्हर्सिटीचं गावातलं एवढंसं ऑफिस, जूनअखेर बंद. 'बंद' म्हणायचं नाही, नाही का? 'फोनवर उपलब्ध.' मग कुकरचं झाकण कसं तपासू? फोनला चिकटवू?

माहीत नाही तुम्हाला? युनिव्हर्सिटीचा माणूस आणि — असो. झाकणावर दाबाचा काटा असतो, तो बिघडतो. म्हणून दर मे महिन्यात बायका झाकणं घेऊन येतात. मी झाकण त्या यंत्रावर बसवते, हवा भरते, यंत्राचा काटा अकरा पौंडांवर आणि बाईच्या झाकणाचाही अकरावर, की लावली हिरवी चिठ्ठी. आणि यंत्राचा काटा खरा कशावरून? तो दरवर्षी कारखान्यात पाठवून तपासून आणायचा. नियम तुमचाच.

हे काय काढलंत? पुस्तिका! 'दीडशे वर्षं लोकांसाठी.' कागद बघा, लोण्यासारखा. हो — मीच ती, वरच्या फोटोत. गेल्या मे महिन्यात आला होता तुमचा फोटोवाला. हसा म्हणाला, हसले. हातातलं झाकण लव्होनचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, ते निळ्या मुठीचं. दात बघा कसे दिसतायत माझे.

काही झालं नाही मला. तपासलं होतं ते. अहो, तपासलं होतं म्हटलं ना! यंत्र अकरा, झाकण अकरा. आता दोन्ही काटे एकसारखंच खोटं बोलायला लागले तर मी काय करायचं? तीन वर्षं पाठवला नव्हता आमचा काटा. तुमच्याकडून कागद यायचा, 'तपासून आणला?' — मी 'होय'वर खूण करायचे. पाठवला की सहा आठवडे परत येत नाही, तोवर झाकणं कशावर तपासायची? दुसरा काटा मागितला, चार पत्रं लिहिली. उत्तर आलं, 'आपल्या भावनांची नोंद घेतली आहे.' वाचणारं आहे का कुणी तुमच्यात? सगळे मोजणारे! — हिवाळ्यात पाठवता आला असता? हो. आला असता. कंटाळा केला. लिहा. नाही — ते नका लिहू.

ऑक्टोबरात लव्होननं त्याच झाकणाखाली शिजवलेल्या फरसबीची बरणी उघडली. ऑरिननं, तिच्या नवऱ्यानं, दोनदा वाढून घेतली. दोन दिवसांनी दोघांच्या पापण्या उघडेनात, घास गिळेना, मग श्वास. तो गेला. ती चार महिने नळीवर होती, वाचली. डॉक्टर म्हणाले, दाब कमी पडला असेल, नाहीतर वेळ. आणि ही मला म्हणते, 'वेळच चुकली गं, मी तुझ्याशी फोनवर बोलत बसले होते, घड्याळाकडे बघितलंच नाही. मीच मारलं त्याला.' रोज म्हणते. आणि मी तिचा हात धरून बसते. काटा पाठवला मग, ऑरिनला पुरल्यावर. आला दुरुस्त होऊन, चिठ्ठीसकट — तीन पौंड जास्त दाखवत होता. म्हणजे अकरा म्हणायचा तेव्हा आत आठच. ह्या खणात आहे चिठ्ठी. नको, उघडू नका.

पेन का थांबलं? मघाशी तर भराभर चाललं होतं. ऐकायचा पगार मिळतो ना तुम्हाला, मग ऐका!

थांबा. गाडी थांबली वाटतं. बघा बरं खिडकीतून — काठी आहे हातात? आणि काखेत? निळी मूठ? ... यंदा पुन्हा बरण्या भरणार म्हणाली होती. या वेळी घड्याळासमोरून हलणार नाही म्हणाली. पण आत्ताच कशाला! आज ते झाकण यंत्रावर बसवलं की काटे जुळायचे नाहीत हो. आमचा आता खरा आहे. तिला समोर दिसणार.

साहेब, जूनअखेर कशाला? आजच बंद करा की केंद्र! तुम्हाला अधिकार आहे ना? कागद लावा दारावर, आत्ता, एका ओळीचा. एवढी मोठी तुमची युनिव्हर्सिटी — तेवढंही नाही होत?

नाही होत. मग बसलात कशाला? उचला ती पुस्तिका, पिशवीत टाका, आणि चालू लागा त्या मागच्या दारानं — ये गं लव्होन, ये. पायरी सांभाळ. हे? कुणी नाही. दे ते इकडे.