भुऱ्याची जात

कुत्र्याची जात विचारतो म्हणे! अजून आठवलं की माझं डोकं तापतं बघा.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी बायको सुनंदा राजूरच्या पुढं धरणाकडं दोन दिवस जाणार होतो. आमच्या भुऱ्याला मागं ठेवता येत नाही. आम्ही नसलो की तो अन्नाला तोंड लावत नाही. म्हणून मी आधीच एका लॉजवाल्याला फोन केला.

"कुत्रा चालतो का?"

"चालतो की! कोणत्या जातीचा हाय?"

"आपला गावठी."

"मंग न्हाई जमायचं. आमी फक्त विलायती घेतो."

"अहो, पण का? कुणाला चावत नाही तो."

"तसं न्हाई साहेब, बाकीच्या गिऱ्हाइकांना बरं दिसत न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणतो कसा, "असं करा, त्याचा फोटो पाठवा. विलायतीसारखा दिसत असंल तर बघू."

फोन स्पीकरवर होता. सुनंदा भाजी निवडत होती, ती तशीच उठली आणि तिनं माझ्या हातातून मोबाईल घेतला.

"दादा, आमी दोघंबी गावठीच हाय. आदी तुमचा फोटो पाठवा, मंग आमी ठरवतो यायचं का न्हाई!"

त्यानं फोनच ठेवून दिला.

शेवटी राजूरच्या मित्राला हे सगळं सांगितलं, तर तो आमच्यावरच भडकला. "लॉजवर फोन केलाच कसा? माझं घर काय पडलंय व्हय?"

दोन दिवस त्याच्याकडं राहिलो आणि दोन्ही दिवस शिव्या खाल्ल्या.