विमलताईंनी ज्यांना नाव आधी वाचायला लावलं

इथं बसलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. वाचनालयाच्या कमिटीतली माणसं, विमलताईंचे भाऊ-वहिनी, शाळेचे गुरुजी, आणि मागं उभ्या असलेल्या माझ्या पाड्यावरच्या बायका. तुमी सगळे ताईंसाठी आलात. मी पण ताईंसाठीच आले. पण मला बोलता येईल का, हे मला अजून माहीत नाय.

मी संगीता. भातसानगरच्या वरच्या पाड्यावरची. लग्न करून दिली मुरबाडकडं, तिथं अंगणवाडीत काम करते. माईकसमोर पहिल्यांदाच उभी राहतेय. तेव्हा माझी भाषा जशी आहे तशी ऐकून घ्या.

आतापर्यंत सगळे चांगलं बोलले. बोलायलाच पाहिजे. ताई चांगल्याच होत्या, शहापूरचं हे वाचनालय त्यांनीच सांभाळलं. ताईंना झाडांचं वेड होतं. वाचनालयाच्या पायऱ्यांवर तेलाच्या डब्यांत त्यांची झाडं. पुस्तक उशिरा आणलं की ताई दंड मागायच्या नाय, फांदी मागायच्या. "तुमच्या दारातल्या जास्वंदीची फांदी आणा, नाहीतर पुढचं पुस्तक मिळणार नाही." माझ्या बाची आणि त्यांची ओळख तिथूनच झाली. माझा बा धरणाच्या कॉलनीत माळी होता. त्याला अक्षर येत नव्हतं. पण माझ्यासाठी पुस्तक न्यायला तो यायचा, आणि मुद्दाम उशीर करून यायचा. कशासाठी? फांदी द्यायला मिळावी म्हणून.

हसा. ताई पण हसायच्या.

रविवारच्या पेपरातलं शब्दकोडं त्या पेन्सिलीनं सोडवायच्या. एक शब्द अडला की येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या. भाजीवालीला विचारायच्या. एसटीच्या कंडक्टरला विचारायच्या. त्यांचे मालक वारल्यावर घरात दुसरं माणूस नव्हतं. घरी गेल्यावर बोलायला कोण होतं त्यांना? म्हणून सगळं बोलणं त्या वाचनालयात करून घ्यायच्या.

मग कम्प्युटर आला. ताईंचं वय तेव्हा पंचेचाळीसच्या पुढं. कॉलेजच्या पोरांबरोबर बाजारपेठेतल्या क्लासला जाऊन बसल्या. त्या आपणच सांगायच्या, "अगं, माऊस हातात धरला की तो बाण कुठल्या कुठं पळायचा. पोरं तोंड फिरवून हसायची." नागपूरच्या बहिणीला पहिली मेल पाठवली आणि लगेच फोन करून सांगितलं, "मेल पाठवली आहे, बघ." बहिणीकडं कम्प्युटरच नव्हता.

पण शिकल्या. हट्टानं शिकल्या. मराठी टायपिंग शिकल्या. कोणाला गाडीचा टाइम बघून दे, कोणाला नर्सिंगच्या प्रवेशाची माहिती काढून दे. कुठल्या झाडाला काय नाव, ते पण शोधायच्या आणि डब्यावर चिकटवायच्या. आणि जूनमध्ये दहावीचा निकाल. आधी निकालासाठी शाळेत वाट बघावी लागायची. आता ताईंच्या काउंटरवर नंबर सांगितला की निकाल. सगळे पाडे निकालाला वाचनालयात यायचे.

गुरुजी, मगाशी तुमी म्हणालात, ताई निकालाच्या दिवशी फार शिस्तीच्या होत्या. खरं आहे. कम्प्युटरचं तोंड पोराकडं फिरवायच्या. म्हणायच्या, "आधी तुझं नाव वाच. मोठ्यानं. मग आईचं नाव वाच. मग बाकीचं." दुसऱ्याच्या हाती निकाल द्यायच्या नाय. बाप आला तरी नाय. आमदाराचा माणूस आला तरी नाय. "पोराला घेऊन या." लोक चिडायचे. इतक्या लांबून आलो, एक ओळ सांगायला काय जातं? ताई सांगायच्या नाय.

तुमाला वाटलं, ती शिस्त.

शिस्त नव्हती ती. ती शिस्त कुठून आली ते मला माहीत आहे. ताईंना माहीत होतं. तिसऱ्या कोणाला माहीत नाय. म्हणून मी आज उठले.

शोकसभेत माणसाचं चांगलंच बोलायचं असतं, हे मला कळतं. वहिनी, तुमी रागावू नका. मी सांगते ते शेवटपर्यंत ऐका.

पहिल्या-दुसऱ्या वर्षाची गोष्ट आहे, इंटरनेटवर निकाल नवीन नवीन होता तेव्हाची. त्या वर्षी मी दहावीला होते. मुरबाडकडचं एक स्थळ आलेलं होतं. बानं त्यांना सांगून ठेवलं होतं, "पोर पास झाली तर पुढं शिकवीन. नापास झाली तर पोर तुमची." तो वाईट माणूस नव्हता. आमच्या पाड्यावर तेव्हा दहावीपर्यंत पोर शाळेत ठेवणारा तो एकटा बाप होता.

निकालाच्या दिवशी आय तापानं पडली होती. मी घरी राहिले. बा माझा नंबर घेऊन शहापूरला आला. वाचनालयात मुंगीला जागा नव्हती. नेट फोनच्या वायरीवर चालायचं, आणि थोड्या वेळानं भारनियमनाची लाइट जाणार होती. सगळे ओरडत होते, बाई माझा, बाई माझा. ताईंनी बाचा नंबर मारला. पण नेट अडकलं होतं. समोर आधीच्याच पोराचं पान तसंच राहिलं होतं. ताईंना वाटलं, हे नवीन पान. त्यांनी वरचं नाव बघितलं नाय. खालची ओळ बघितली आणि बोलल्या, "नापास."

बाला वाचता येत नव्हतं. तो काय बघणार? तो हात जोडून मागं फिरला. पुढचा माणूस पुढं आला.

संध्याकाळी बा घरी आला. पायरीवर बसला. म्हणाला, "नापास झालीस गो. कम्प्युटरनंच सांगलान, त्याला कोन काय करील." आमच्याकडं तेव्हा असंच होतं. माणूस खोटं बोलेल, मास्तर चुकेल, पण कम्प्युटर चुकायचा नाय. मी म्हणाले, "बा, माझे पेपर बरे गेलते." तो म्हणाला, "जाऊ दे गो. सगल्यांना नाय जमत."

आवणीच्या, भातलावणीच्या आधी लग्न उरकलं.

मार्कलिस्ट? नापासाची मार्कलिस्ट आणायला कोण जातं? ती शाळेतच पडून राहिली. सगळ्यांच्या मार्कलिस्टा वाटून झाल्यावर हेडमास्तर वाचनालयात आले आणि सहज म्हणाले, "त्या माळ्याची पोर मार्कलिस्ट न्यायला आलीच नाही. फर्स्ट क्लास आहे तिला."

ताई तिथं कशा उभ्या राहिल्या असतील, मला माहीत नाय. त्यांनी मला ते कधी सांगितलं नाय.

मी सासरी होते. आवणी चालू होती. मी चिखलात, हातात रोपाची मूठ. बघते तर बांधावर विमलताई. चपला हातात, लुगडं पिंढरीपर्यंत चिखलानं भरलेलं. शहापूरहून किन्हवलीवरून एसटीनं आल्या, आणि फाट्यावरून पायी. मला वाटलं, बाला काय झालं का? त्या म्हणाल्या, "संगीता, तू नापास नव्हतीस. तू फर्स्ट क्लासनं पास आहेस. कम्प्युटर चुकला नाही. मी चुकले. मी नाव वाचलं नाही."

ऐका हं. त्या कम्प्युटरवर ढकलू शकत होत्या. सगळ्यांनी मानलं असतं. बोर्डावर ढकलू शकत होत्या. किंवा नुसतं गप्प राहायचं, एवढंच करायचं होतं. पण त्या चालत आल्या आणि माझ्या तोंडावर बोलल्या, "मी चुकले."

मी काय केलं असेल? मी हातातली मूठ खाली टाकली आणि त्यांना म्हणाले, "आता सांगून काय करू मी? पुस्तक आहे का हे, परत आणून द्यायला?"

त्या म्हणाल्या, "मी सगळ्यांसमोर सांगते. त्याच काउंटरवर उभी राहून सांगते. तुझ्या वडिलांची माफी मागते."

मी म्हणाले, "नाय. तुमचं ओझं उतरेल आणि माझ्या बाच्या डोक्यावर बसेल. त्याला कळलं की पास पोरीला त्यानं उजवून टाकली, तर तो जगायचा नाय. त्याला सांगायचं नाय. कोणालाच सांगायचं नाय."

तेव्हा मी तसं बोलले, आणि आजही मला वाटतं, मी बरोबरच होते. ताईंनी हो म्हणून मान हलवली. बांधावरून परत गेल्या.

पुढच्या वर्षी मला मूल झालं. माझं वयच काय होतं? बाळ राहिलं नाय. ते ताईंच्या चुकीनं गेलं असं मी म्हणत नाय. पण मी कॉलेजला असते तर ते झालं नसतं, आणि गेलं पण नसतं. हा विचार माझ्या डोक्यातून कधी गेला नाय. ताईंच्या पण गेला नव्हता. बाळ गेल्याचं कळल्यावर त्या आल्या होत्या. माझ्याशेजारी बसून राहिल्या.

माहेरी आले की बा मला वाचनालयात घेऊन यायचा, फांदी द्यायला. ताई माझ्यासाठी कम्प्युटरसमोर खुर्ची ओढायच्या. म्हणायच्या, "बस. शीक." मी बसायची नाय. लय दिवस बसले नाय. मग एकदा बसले. कशाला बसले, मला सांगता येत नाय. त्यांनी मला टायपिंग शिकवलं. मेल शिकवली. अंगणवाडीची जागा निघाली ती त्यांनीच शोधून काढली आणि माझी मार्कलिस्ट त्यांनीच शाळेतून आणून दिली. बाला सांगितलं, सातवीवर नोकरी लागते. बा खूश झाला.

मागच्या वर्षी बा आजारी पडला. शेवटचे दिवस होते. मी आले होते. ताई पण आल्या होत्या, त्याच्या अंगणातल्या मोगऱ्याला पाणी घालून आत आल्या. बानं माझा हात धरला आणि म्हणाला, "पोरी, तुला डोका कमी होता. पन तू घर चालवलंस. मना वाईट नाय वाटत."

ताई माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या ओठावर आलं होतं. मी बघितलं. एक शब्द बोलल्या असत्या तर माझा बा पास झालेल्या पोरीचा बाप म्हणून गेला असता. पण त्याच शब्दानं तो तुटला पण असता. मी मान हलवली, नाय. ताई उठून पडवीत गेल्या. खांबाला धरून रडल्या. आवाज न करता, पदर तोंडात धरून.

बा गेला. माझी पोर नापास, हेच घेऊन गेला.

आणि आता ताई. दुपारी काउंटरवर छातीत दुखलं. इथल्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, पुढं न्या. आमच्याकडच्या माणसाला शेवटी हेच ऐकायला मिळतं, पुढं न्या. गाडी पडघ्याच्या पुढं गेलीच नाय, ताई वाटेतच गेल्या.

तुमी विचाराल, संगीता, तू त्यांना माफ केलंस का? नाय. माफ नाय केलं. मला ते जमलं नाय, आणि त्यांनी पण माफी कधी मागितली नाय. पण त्या गेल्याचं कळलं तेव्हा मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते, आणि तिथंच खाली बसले. आय गेली तेव्हा पण मी अशी बसले नव्हते. दोन्ही खरं आहे. यातलं एक खोटं ठरवायला मला सांगू नका.

तुमच्या पोरांनी या काउंटरवर आपापली नावं मोठ्यानं वाचली. आईची नावं वाचली. ते सगळं माझ्या वाट्याचं होतं. एका पोरीचं वाचायचं राहिलं, म्हणून ताईंनी सगळ्या तालुक्याच्या पोरांना वाचायला लावलं. चूक सगळ्यांची होते. चुकीच्या शेजारी इतकी वर्षं रोज कामाला जाऊन बसणारं माणूस मी दुसरं बघितलं नाय.

त्यांना हे तुमच्यासमोर बोलायचं होतं. मी बोलू दिलं नाय, बासाठी. आता ज्याला जपायचं ते माणूस राहिलं नाय. आणि जिला बोलायचं होतं ती पण राहिली नाय. म्हणून ताई, तुमचं काम मी करते. तुमच्याच काउंटरशेजारी उभी राहून, सगळ्यांसमोर, तुमी सांगितलेल्या पद्धतीनं.

नाव, संगीता. आईचं नाव, चांगुणा. निकाल, पास.

आता सगळे उठा. थोडा वेळ कोणी काही बोलू नका.