पायगुणाचा पाऊस

मी शेवंता, माझं माहेर घाटनांदूर आन सासर नांदूरघाट. हसू नका, लग्न नवऱ्याच्या दारी व्हतं तर माझा चुलत मामा घाटनांदूरलाच येऊन बसला, त्याला वाटलं पत्रिका छापनाऱ्यानं गावाचं नाव उलटं छापलंय. आन काय सांगू तुमाला, नावावानी पाऊस बी उलटा. माहेरी आभाळ आलं की पडून मोकळं व्हायचं, आन सासरी यायचं, डोंगराआडून बगायचं आन चहा न घेता माघारी जायचं.

पर लग्नाच्या दिवशी मी उंबऱ्यावरचं जवारीचं माप पायानं सांडलं आन असा पाऊस कोसळला की मांडव आडवा झाला, ढोलवाला ढोल डोक्यावर घिऊन पळाला. सासरे मनले, पोरीचा पायगुन हाय. भिजलेले पाहुने बी हो हो मनले. तितंच मी फसले.

दुसऱ्या साली थेंब न्हाई. सासरे माझ्याकडं असं बगायचे, जनू मीच कुटंतरी तोटी बंद करून बसलेय. आन माझा जीव तिकडं माहेरी, बाप लवकर गेलता, आई एकटीच घरात. सासऱ्यांचा नियम असा की न्यायला मानूस आल्याबिगर बाई जानार न्हाई, आन मला भाऊच न्हाई, तर न्यायला येनार कोन? पंचमीला साऱ्या पोरी जायच्या, मी आपली शेन काढत बसायची.

सासू कमी बोलायची. एक दिवस तमाखू मळता मळता मनली, हिचा पायगुन पुसट झालाय, माहेरी पाठवून परत आना, पुन्ना माप सांडू द्या. सासरे इचारात पडले, मनले मग आज पाठवू, उद्या आनू. सासू मनली, असं कसं जमल, लोनच्याला बी मुरायला टाइम लागतो.

तवापासून दर साली हेच. मी आठ-पंधरा दिवस आईपाशी, मग परत येऊन नव्या नवरीवानी माप सांडायचं, सारी आळी बगायला. पाऊस पडला तर पायगुन, न्हाई पडला तर सासू मनायची, कमी मुरली, आनखी चार दिवस ठिवायला पायजे व्हती. एका साली तर मी तिकडं असतानाच घाटनांदूरला धो धो पडला, तिकडचे मनले पोरीला जाऊ देऊ नका, आन सासरे सोता यष्टीनं आले तनतनत, की आमचा पाऊस ही फुकट हितं पाडायली.

मग आई गेली. त्या साली बी कोरडंच. सासरे मनले, पाठवा हिला. सासू मनली, आता उपेग न्हाई. सासरे चिडले, कावून न्हाई? सासू मनली, आता तिकडं तिची वाट बगनारं कोन हाय?

मी चुलीपाशी व्हते. तव्यावरची भाकर जळून गेली तरी मला कळलं न्हाई. इतक्या सालांनी मला समजलं की त्या बाईला पावसाचं काईच पडलं न्हवतं. लई रडले मी. ती मनली, धूर लागला का डोळ्याला, आन भाकर उलटली.

आता ती न्हाई, सासरे न्हाईत, आन पाऊस बी पयल्यासारका ऱ्हायला न्हाई. येतो तवा पूल बुडवून जातो. औंदा सोयाबीन पान्यात उभं, आन सुनंची आई आजारी. पोरगा मनला, जरा उघडलं की सोयाबीन काढायचंय, आत्ता जायचं न्हाई. मी मनलं, आरं हिचाच पायगुन लई जोरात चाललाय, आठ दिवस माहेरी पाठव, उघडीप पडल. सून मोबाइलवर हवामान बगनारी, तिला हसू आवरंना, पर गपचूप पिशवी भरली तिनं.

काल सोता यष्टीत बसवून आले. आन बगा, आज तुमी पाहुने दारात आलात तर ऊन पडलेलं. पोरगा सकाळपासून मनतोय, आता बोलवून घेऊ. मी मनलं, गप बस, चार दिवस मुरू दे तिला.